‘विंडोज मारून देतो, साहेब!’

लेखमाला : संगणक आपला, माहिती कोणाची? – लेखांक सहावा

कोल्हापुरात कसबा बावडा रस्त्यावरच्या न्यायसंकुलात दाखल होणारा दावा आधी वकिलाच्या ऑफिसात टाइप होतो आणि मग कोर्टाच्या संगणकावर नोंदला जातो. कागद तेच, पक्षकारही तेच. मधल्या वाटेत ऑपरेटिंग सिस्टिम मात्र बदलते. देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी ई-कोर्ट्स प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला. त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने उबुंटू हे मुक्तस्रोत लिनक्स निवडलं. न्यायाधीशांना लॅपटॉप दिले, त्यांवर उबुंटू, प्रशिक्षणही उबुंटूचंच. खटल्यांची नोंद ठेवणारी ‘सीआयएस’ ही प्रणाली एनआयसीच्या पुणे केंद्रात तयार झाली आणि तीही मुक्तस्रोत पायावर उभी आहे. परवान्याचा खर्च वाचतो आणि एकाच कंपनीच्या दावणीला बांधून घ्यावं लागत नाही, हा त्यामागचा सरळ हिशेब.

वकिलाच्या टेबलावर मात्र विंडोज असतं. ते कुणी निवडलेलं नसतं. संगणकाबरोबर आलेलं असतं, नाहीतर दुकानदाराने टाकून दिलेलं असतं.

गेल्या लेखांकात ब्राउझर पाहिला. ब्राउझर पटला नाही तर पाच मिनिटांत बदलता येतो. ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्याही खाली बसलेली असते. काय टाइप केलं, कोणती फाइल उघडली, कोणता पेनड्राइव्ह लावला, हे सगळं तिच्या हातूनच जातं. म्हणून तिच्याबाबतीत दोन प्रश्न विचारायला हवेत : या यंत्रातून बाहेर काय जातं, आणि ते जावं असं कुणी ठरवलं?

हे प्रश्न आत्ताच विचारण्याला कारण आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं इथे येऊ लागली. त्यानंतर दोनच महिन्यांत, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चं नेहमीचं पाठबळ थांबवलं. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. २०१६-१७ च्या सुमारास घेतलेले, अजून ठणठणीत चालणारे कितीतरी लॅपटॉप या अटीत बसत नाहीत. मग ते राजारामपुरीतल्या एखाद्या दुकानात जातात आणि काउंटरवरून ठरलेलं वाक्य येतं : “विंडोज मारून देतो, साहेब. ऑफिस, मराठी फाँट, सगळं टाकून देतो. संध्याकाळी घेऊन जावा.”

त्या दुपारी लॅपटॉपवर नेमकं काय होतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे.

विंडोज ११ पहिल्यांदा सुरू होताना एक पडदा समोर येतो, गोपनीयतेच्या सेटिंग्जचा. त्यावर सहा गोष्टी विचारलेल्या असतात : ठिकाण, हरवलेलं यंत्र शोधण्याची सोय, निदानासाठीची माहिती, टायपिंग आणि लिखाणाचे नमुने, त्या माहितीवरून दिल्या जाणाऱ्या सूचना, आणि जाहिरातींसाठीचा ओळख क्रमांक. सहाही बटणं बहुधा आधीच ‘होय’कडे सरकवलेली असतात. खाली पुढे जाण्याचं बटण. दुकानातल्या पोराला त्या दिवशी आणखी चार लॅपटॉप उरकायचे असतात, त्यामुळे तो पडदा दोन सेकंदांत मागे पडतो. मालकाने तो पाहिलेलाही नसतो. कायद्याच्या भाषेत याला संमती म्हणतात.

त्याच ओघात मायक्रोसॉफ्टचं खातं मागितलं जातं. मालकाचा पासवर्ड दुकानात कुणाला ठाऊक? मग कधी नवा मेल आयडी काढला जातो, तर कधी हाताशी असलेलाच वापरला जातो. खरी गोम इथे आहे. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि त्या कुलपाची जादा चावी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा होते. एसटीत लॅपटॉप राहिला तर चोराला आतलं काही वाचता येत नाही, इथवर उत्तम. पण खातं दुकानदाराच्या मेलवर असेल, तर चावीही त्याच्याच खात्यात. एखाद्या अपडेटनंतर लॅपटॉपने ती ४८ आकडी चावी मागितली, की पक्षकारांच्या सगळ्या फायली आत आणि वकील बाहेर. शिवाय चावी कंपनीच्या सर्व्हरवर असल्याने तपास यंत्रणेचा वैध आदेश आला, तर ती देणं कंपनीला भाग पडतं.

वनड्राइव्हचं प्रकरण असंच आहे. खात्याने साइन इन केलं, की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर कंपनीच्या क्लाउडवर जायला लागतात. अनेकदा वेगळं न विचारता. आपल्याकडे तर निम्मं ऑफिस डेस्कटॉपवरच असतं. ‘नोटीस फायनल’, ‘नोटीस फायनल नवीन’, ‘वाटणीपत्र साहेब करेक्शन’ हे सगळं वर चढू लागतं. फुकटची ५ जीबी जागा संपल्याचा इशारा आला, की मालकाला पहिल्यांदा पत्ता लागतो.

विंडोज किती माहिती गोळा करतं, यावर युरोपात रीतसर कारवाई झालेली आहे. जुलै २०१६ मध्ये फ्रान्सच्या माहिती संरक्षण यंत्रणेने, ‘सीएनआयएल’ने, मायक्रोसॉफ्टला जाहीर नोटीस दिली. कोणती ॲप्स टाकली आणि प्रत्येकावर किती वेळ घालवला, हेही विंडोज १० नोंदवत होतं. ते गरजेपेक्षा जास्त आहे, असा आक्षेप होता. कंपनीने सुधारणा केल्या आणि जून २०१७ मध्ये प्रकरण मिटलं. त्याच वर्षी नेदरलँड्सच्या यंत्रणेनेही विंडोज १० तिथल्या कायद्याचा भंग करतं, असा निष्कर्ष काढला. आज निदानाच्या माहितीचे ‘आवश्यक’ आणि ‘ऐच्छिक’ असे दोन भाग आहेत. ऐच्छिक भाग बंद करता येतो. आवश्यक भाग मात्र होम आणि प्रो आवृत्तीत पूर्ण बंद होत नाही. ती मुभा एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांना आहे. म्हणजे मोठ्या कंपनीला जे मिळतं, ते बावड्यातल्या एकट्या वकिलाला मिळत नाही.

सगळ्यात जास्त गाजलं ते ‘रिकॉल’. २० मे २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने ही सोय जाहीर केली. दर काही सेकंदांनी पडद्याचा फोटो घ्यायचा, त्यातला मजकूर वाचून साठवायचा आणि ‘गेल्या महिन्यात पाहिलेलं ते खरेदीखत’ असं विचारलं की शोधून द्यायचं. माहिती यंत्रातच राहते, बाहेर जात नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. पण चाचणीच्या आवृत्तीत हा साठा साध्या, सहज वाचता येणाऱ्या डेटाबेसमध्ये होता, हे सुरक्षा संशोधक केविन ब्यूमाँट यांनी दाखवून दिलं. टीका इतकी झाली, की जूनमध्ये योजना पुढे ढकलावी लागली. एप्रिल २०२५ मध्ये ती परत आली तेव्हा मुळात बंद, साठा कुलूपबंद आणि उघडायला चेहरा, बोट किंवा पिन, अशा रूपात. ती फक्त ‘कोपायलट प्लस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नव्या लॅपटॉपवरच चालते. तरीही मे २०२५ मध्ये सिग्नल या मेसेजिंग ॲपने आपल्या खिडकीचा फोटो रिकॉलला घेता येणार नाही, अशी तजवीज केली. कारण साधं होतं : तुम्ही रिकॉल बंद ठेवलं तरी समोरच्याने चालू ठेवलं असेल, तर तुमचा निरोप त्याच्या यंत्रात फोटोरूपाने साठतो.

वकिलीत हा मुद्दा केवळ तत्त्वाचा राहत नाही. पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चं संरक्षण आहे. ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तपासासाठी वकिलाचं डिजिटल उपकरण हवं असेल, तर ते संबंधित न्यायालयापुढेच हजर करावं लागेल. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, हे तर नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजीच ठरवलं. कायद्याने पोलिसांना दारात थांबवलं. दुकानात पुढे ढकललेल्या त्या पडद्याला कोण थांबवणार?

मग ॲपलकडे जावं का? मॅक महाग आहे, पण गोपनीयतेत बरं, असा समज आहे आणि तो बराचसा खराही आहे. तरी १२ नोव्हेंबर २०२० चा दिवस लक्षात ठेवावा. मॅकओएस बिग सर त्या दिवशी बाजारात आलं, ॲपलचा एक सर्व्हर गुदमरला आणि जगभरच्या मॅकवर साधी ॲप्स उघडायला वेळ लागू लागला. ॲप उघडताना त्याच्या निर्मात्याचं प्रमाणपत्र ग्राह्य आहे की नाही, हे मॅक कंपनीच्या सर्व्हरला विचारतो आणि ती विचारणा कुलूपबंद नसते, हे लोकांना तेव्हा कळलं. त्यानंतर ॲपलने या तपासणीत आयपी पत्ते नोंदवणं थांबवल्याचं सांगितलं.

कोर्टाने निवडलेलं उबुंटूही धुतल्या तांदळासारखं नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेल्या १२.१० या आवृत्तीत एक नवीन सोय होती. संगणकातली स्वतःची फाइल शोधायला शब्द टाइप केला, तरी तो कॅनॉनिकल कंपनीच्या सर्व्हरमार्फत ॲमेझॉनपर्यंत पोचायचा आणि फायलींच्या जोडीला विकाऊ वस्तू दिसायच्या. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी याला सरळ हेरगिरी म्हटलं. २०१६ च्या १६.०४ आवृत्तीत ते मुळातच बंद झालं. फरक असा, की इथे कोड सगळ्यांसमोर असतो. चोरी लपत नाही आणि नको असलेला भाग काढून कुणीही वेगळी आवृत्ती बनवू शकतं. लिनक्स मिंट हे उबुंटूवरच बेतलेलं आहे आणि ते वापरणाऱ्याची माहिती गोळा करत नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचं ‘बॉस’ हे डेबियनवर आधारलेलं भारतीय लिनक्सही २००७ पासून उपलब्ध आहे.

तरी बावड्यातला वकील, सीए किंवा डीटीपीवाला उद्या लिनक्सवर जाईल, असं समजणं भाबडेपणाचं ठरेल. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. श्रीलिपीतल्या जुन्या फायली आणि कोरलड्रॉमधल्या लग्नपत्रिका लिनक्सवर धड उघडत नाहीत. डिजिटल सहीचा टोकन लिनक्सवर चालवायचा तर ड्रायव्हरशी झटापट करावी लागते. मराठी टायपिंगची अडचण मात्र राहिलेली नाही. इनस्क्रिप्ट मुळातच असतं, गमभनच्या पद्धतीचा कीबोर्डही मिळतो आणि युनिकोडमधली याचिका लिबरऑफिसमध्ये उत्तम टाइप होते.

आता त्या काउंटरवरच्या वाक्याकडे. ‘मारून देतो’ या विंडोजला बऱ्याचदा परवाना नसतो. एखाद्या ‘ॲक्टिव्हेटर’ने ते चालू केलेलं असतं. हा ॲक्टिव्हेटर चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतो आणि ॲडमिनिस्ट्रेटरचे पूर्ण अधिकार मागतो. तो कुणी बनवला, हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. डिसेंबर २०२१ मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीने दाखवलं, की ‘केएमएसपिको’ या लोकप्रिय ॲक्टिव्हेटरच्या नावाखाली ‘क्रिप्टबॉट’ पसरवला जात होता. तो ब्राउझरमध्ये जतन केलेली माहिती आणि क्रिप्टो वॉलेट उचलतो. मायक्रोसॉफ्टला आपण काय पाठवतो, याची चर्चा अशा यंत्रावर बसून करण्यात काही अर्थ नाही. कंपनीला निदान नोटीस तरी काढता येते.

जुनं विंडोज तसंच चालू ठेवणं हाही उपाय नाही. एक्सपीचं पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजी संपलं. तरी एटीएममधून ते हटवण्यासाठी रिझर्व्ह बँकेला जून २०१८ मध्ये बँकांना वर्षभराची मुदत घालून द्यावी लागली. विंडोज १० साठी घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची मुदतवाढ आहे : पैसे भरा, रिवॉर्ड्सचे १००० गुण खर्च करा किंवा संगणकाची सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्याशी सिंक करा. तिन्ही वाटा खात्यातूनच जातात. युरोपात ग्राहक संघटनेने आवाज उठवल्यावर सिंकची अट तिथल्यापुरती काढली गेली. खातं मात्र तिथेही लागतंच. भारतात अट कायम आहे.

तेव्हा निवड कामावरून करावी. ज्याचं काम ब्राउझर, ई-फायलिंग आणि युनिकोडमधल्या कागदांवर भागतं, त्याने जुन्या लॅपटॉपवर मिंट किंवा उबुंटू टाकावं. आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतं, डिस्कला हातही लागत नाही. टॅली, श्रीलिपी किंवा सहीच्या टोकनवर ज्याचं पोट आहे, त्याने परवान्याचंच विंडोज घ्यावं आणि सेटअप स्वतः करावा. दोन लॅपटॉप असतील तर पक्षकारांची कागदपत्रं एकावर, बाकी सगळं दुसऱ्यावर.

आणि लॅपटॉप दुकानातून आधीच आला असेल, तर या रविवारी एवढं कराच. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ उघडून ऐच्छिक निदान माहिती आणि जाहिरात क्रमांक बंद करा. वनड्राइव्हमध्ये कोणते फोल्डर जातात ते बघा. ते थांबवण्याआधी फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या. ‘अकाउंट्स’मध्ये कुणाचा मेल आयडी आहे ते वाचा. तो ओळखीचा नसेल, तर डिस्कच्या कुलपाची, म्हणजे बिटलॉकरची, ती ४८ आकडी चावी आधी कागदावर उतरवून घ्या आणि मगच खातं बदला.

(पुढील लेखांकात : मोबाइलचा कीबोर्ड आपलं मराठी कुठे कुठे पाठवतो?)