जुन्या ट्रकला नवा टेप

जुन्या ट्रकचा टेप बंद पडला की मालक किंवा ड्रायव्हर दुकानात जातो आणि काचेमागे लुकलुकणाऱ्या सेटांपैकी कोणता जोरात वाजतो, एवढंच विचारतो. पुण्याची नाना पेठ असो, कळंबोली असो की नागपूरजवळची वाडी, काउंटरवरचा प्रश्न तोच. दुकानदार मग एखादा रुंद पडद्याचा सेट पुढे करतो आणि त्यावर ‘४ × ५०’ वॅट लिहिलेलं दाखवतो. हा सेट ज्या गाडीत बसणार आहे ती किती व्होल्टची, तिचं अर्थिंग शाबूत आहे का, जुन्या स्पीकरच्या वायरी कशा ओढल्या आहेत, हे कुणी विचारत नाही. नवे सेट पहिल्याच आठवड्यात जळतात ते बहुतेक यामुळे.

हा विषय चैनीचा नाही. लांबच्या फेऱ्या मारणारा माणूस आठवडेच्या आठवडे त्या केबिनमध्येच राहतो, जेवतो, झोपतो. क्लीनर ठेवणं परवडत नाही म्हणून आता पुष्कळ ड्रायव्हर एकटेच निघतात. रात्री दोन वाजता कसारा घाट चढताना सोबतीला आवाज असणं ही त्यांची खरी गरज आहे.

सुरुवात बॅटरीपासून करायची. बाजारातले जवळजवळ सगळे सेट कारसाठी, म्हणजे १२ व्होल्टसाठी बनवलेले असतात. टाटा ४०७ सारख्या हलक्या गाड्यांत वीजही १२ व्होल्टचीच असते, त्यामुळे तिथे अडचण नाही. जड ट्रकांत मात्र बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तरीही नुसत्या बॅटऱ्या मोजून निष्कर्ष काढू नये. काही गाड्यांत दोन बॅटऱ्या पॅरललमध्ये असतात आणि व्होल्टेज १२ च राहतं. मल्टीमीटर लावा. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ किंवा २५.२ दिसेल, इंजिन चालू केल्यावर १४ किंवा २८ च्या आसपास. कारच्या सेटची सहनशक्ती १५-१६ व्होल्टपर्यंत असते. त्याला २८ दिले तर आतला पॉवर आयसी किंवा रेग्युलेटर जातो, आणि त्यावर वॉरंटी मिळत नाही.

इथे एक जुगाड सर्रास केला जातो. दोन बॅटऱ्यांपैकी ज्या एकीचं निगेटिव्ह चासीला जोडलेलं असतं, तिच्या पॉझिटिव्हवरून वायर ओढायची आणि फुकटात १२ व्होल्ट मिळवायचे. सेट उत्तम वाजतो, म्हणून सगळे खूश असतात. नुकसान हळूहळू होतं. समजा सेट ५ अँपिअर घेतो आणि दिवसात आठ तास वाजतो. म्हणजे एकाच बॅटरीतून ४० अँपिअर-तास गेले, दुसरी भरलेलीच राहिली. अल्टरनेटर दोघींना मिळून २८ व्होल्ट देतो आणि दोघींतून एकच करंट वाहतो. अर्धी रिकामी झालेली बॅटरी पुरती भरत नाही, आणि आधीच भरलेलीवर चार्जिंग चालूच राहतं. तिचं पाणी उकळून उडतं, पहिलीच्या प्लेटांवर सल्फेट साचतं. काही महिन्यांत दोन्ही बॅटऱ्या जातात, दोष कंपनीवर ढकलला जातो आणि नव्या जोडीवर तीच वायर पुन्हा लावली जाते. सेटच्या कितीतरी पट किंमत अशी बॅटऱ्यांत जाते. हे थांबवायला बॅटरी इक्वलायझर मिळतो, पण नुसत्या टेपसाठी त्याची गरज नाही.

सरळ मार्ग दोन आहेत. एक, मुळातच २४ व्होल्टवर चालणारा सेट घ्यावा. कॉन्टिनेंटलसारख्या कंपन्या खास ट्रकसाठी असे रेडिओ बनवतात, पण आपल्याकडच्या साध्या दुकानात ते सहज सापडत नाहीत. दुसरा मार्ग २४ चे १२ करणाऱ्या कन्व्हर्टरचा. यातही दोन जाती आहेत. जुन्या पद्धतीचा ड्रॉपर जास्तीचे व्होल्ट उष्णतेत घालवतो. २८ चे १३.८ करताना ५ अँपिअरला तो ७१ वॅट नुसते तापण्यात खर्च करतो, म्हणजे जुन्या साठच्या बल्बहून जास्त. डॅशबोर्डमागच्या कोंदट जागेत, त्यात मे महिन्याच्या विदर्भात, असा डबा ठेवणं धोक्याचं आहे. स्विचिंग कन्व्हर्टर कमी तापतो, तोच घ्यावा. डब्यावर २० अँपिअर लिहिलं असेल तर त्याच्या निम्म्यावरच भरवसा ठेवा. सेटचा फ्यूज बहुधा १० अँपिअरचा असतो, तेवढा भार सतत पेलणारा कन्व्हर्टर पुरेसा होतो. स्विचिंग कन्व्हर्टरमुळे रेडिओत खरखर येऊ शकते, म्हणून त्याला सेटपासून आणि अँटेनाच्या वायरीपासून दूर, वारा लागेल अशा जागी पत्र्यावर बसवावं.

कन्व्हर्टर थेट बॅटरीवर चोवीस तास चालू ठेवला तर गाडी उभी असतानाही तो थोडी वीज खात राहतो. रिलेमधून किल्लीवर किंवा वेगळ्या स्विचवर घेतलेला बरा. मग सेटच्या पिवळ्या वायरीचा प्रश्न उरतो. पिवळी कायमची, लाल किल्लीची, काळी अर्थची. पिवळीची वीज गेली की घड्याळ आणि लावलेली स्टेशनं पुसली जातात. पुष्कळ ट्रकांना बॅटरीचा मेन कटआउट स्विच असतो आणि रात्री तो बंद करणं योग्यच आहे. अशा गाडीसाठी वीज गेल्यावरही स्टेशनं लक्षात ठेवणारा सेट शोधा. दुकानात चालू सेटची वायर काढून पुन्हा लावून पाहिली की एका मिनिटात कळतं.

बॅटरीपासून निघणाऱ्या वायरीवर, बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज हवाच. ट्रकची चासी सतत थरथरते, वायर कडेला घासून तिचं आवरण जातं. फ्यूज सेटजवळ असेल तर मधल्या पाच-सात फुटांत शॉर्ट झाल्यावर काहीच तुटत नाही आणि वायर पेटते. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबरी ग्रोमेट लावणं हे दोन रुपयांचं काम आहे, ते टाळू नये.

जुन्या स्पीकरच्या वायरींकडे आता येऊ. कॅसेटच्या काळातल्या अनेक सेटांत स्पीकरची एक वायर सेटमधून यायची आणि दुसरी सरळ चासीला जोडलेली असायची. आजच्या सेटमध्ये प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही वायरींत व्होल्टेज असतं, त्यातली एकही चासीला लागता कामा नये. जुन्या वायरी तशाच ठेवून नवा सेट जोडला तर तो प्रोटेक्शनमध्ये जाऊन गप्प होतो, किंवा जळतो. म्हणून प्रत्येक स्पीकरला दोन नव्या वायरी ओढाव्यात, हे माझं ठाम मत आहे. रंग ठरलेले आहेत: पांढरी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. काळ्या पट्टीची ती निगेटिव्ह. केबिनमध्ये दोनच स्पीकर असतील तर उरलेल्या चार वायरींच्या टोकांना वेगवेगळी टेपपट्टी लावून त्या बंद करा, एकत्र पिळू नका.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरमधून ऐकू आली तर दोष बहुधा अर्थिंगमध्ये असतो. जुन्या ट्रकची केबिन रबरी बुशांवर बसलेली असते, चासीशी तिचा विजेचा संबंध एका तांब्याच्या पट्टीवर टिकून असतो आणि ती पट्टी गंजते. आधी ती साफ करून आवळा. नॉइज फिल्टर विकत घेण्याची वेळ सहसा येत नाही.

आता वॅट. १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला सेटच्या आतला अँप्लिफायर जास्तीत जास्त २६ वॅट देऊ शकेल, हे शाळेतल्या सूत्रानं निघतं. घट धरली तर चॅनलमागे वीसेक. डब्यावरचे ५० हे क्षणभराचे, विकृत आवाजाचे. जोर हवा असेल तर स्पीकरवर खर्च करा. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ३ डेसिबलने जास्त असली तर निम्म्या शक्तीत तेवढाच आवाज मिळतो, म्हणून ९० डेसिबलच्या वरचे घ्या. कागदी कोन कोकणातल्या एका पावसाळ्यात ओले होऊन फाटतात. पॉलिप्रॉपिलीनचे टिकतात.

मापाचं काय? ठरलेली खाच १८० × ५० मिलिमीटरची, दुप्पट उंचीची १८० × १०० ची. पण आपले कितीतरी जुने ट्रक कारखान्यातून नुसते काउल चासी म्हणून बाहेर पडले. केबिन बांधली नामक्कल, सरहिंद किंवा गावाजवळच्या बॉडीवाल्यानं, लाकडाची. त्यात टेपची जागा सुतारानं ठरवली, अनेकदा काचेच्या वर छताला. अशा खोक्याची खोली आधी मोजा. कॅसेट-सीडीचा डबा नसलेले नवे सेट आखूड असतात, ते इथे बरे बसतात. सेटला मागून पट्टीचा आधार द्या. पुढच्या चौकटीवर लटकलेला सेट पाटे-स्प्रिंगच्या हादऱ्यांनी सैल होतो. याच हादऱ्यांमुळे सीडी ट्रकमध्ये कधी नीट चाललीच नाही. पेनड्राइव्हला ती अडचण नाही, फक्त बुटका घ्या, लांबडा हात लागून मोडतो.

मोठ्या पडद्याचा सेट जुन्या ट्रकला नको. उघड्या खिडकीतून येणारी धूळ, काचेवर पडणारं ऊन आणि तापलेल्या इंजिनाशेजारची जागा यांत तो फार दिवस टिकत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आवाज कमी करायला त्याच्याकडे बघावं लागतं. गोल खुंटी न बघता फिरवता येते. ब्लूटूथ मात्र हवं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात फोन धरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक चालवण्यात मोडतं. बाहेर लावायचा माइक असलेला सेट घ्या आणि माइक डोक्यावरच्या सनशेडपाशी बसवा. सेटच्या तोंडावरचा माइक इंजिनचाच आवाज उचलतो.

रेडिओकडे हल्ली कुणी लक्ष देत नाही, ते द्यायला हवं. घाटात मोबाइलची रेंज जाते, एफएमही तुटतं, पण मीडियम वेव्ह डोंगराआड पोचते आणि रात्री तर शेकडो किलोमीटर जाते. स्वस्त सेटांत ती नसतेच. असली तरी सेट अमेरिकी पद्धतीवर लावलेला असू शकतो. तिथे स्टेशनं १० किलोहर्ट्झच्या अंतरानं येतात, आपल्याकडे ९ च्या. आकाशवाणीची मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ वर, नागपूर ५८५ वर, पुणे ७९२ वर. दहाच्या पायऱ्यांनी यातलं एकही बरोबर सापडत नाही. एफएमलाही अमेरिकी सेटिंग विषम दशांशांवरच थांबतं, मुंबईची १०२.८ ची विविध भारती वगळून पुढे जातं. सेटच्या मेन्यूत प्रदेश बदलून घ्या. अँटेना पत्र्याला नीट अर्थ झालेली, पाऊण मीटरच्या आसपास उंचीची असावी. सजावटीचे स्वस्त एलईडी लावल्यावर रेडिओ खरखरू लागला तर ते बंद करून बघा.

आवाज किती ठेवायचा हे सेटवर नाही, केबिनच्या गोंगाटावर ठरतं. ८५ डेसिबलमध्ये आठ तास ही कानांसाठी मानली गेलेली मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. गोंगाटावर मात करायला ड्रायव्हर सेट वाढवतो आणि मग मागच्याचा हॉर्न, फुटलेला टायर ऐकू येत नाही. दारांचे रबर बदलणं, इंजिनच्या झाकणावर न पेटणारी जाड चटई बसवणं हे नव्या सेटइतकंच उपयोगी आहे. झोप आली असेल तर कोणतंही गाणं कामाचं नाही, गाडी बाजूला घ्यावी.

हौद्याचं वेल्डिंग करताना बॅटरीच्या वायरी काढा, नाहीतर सेट आणि कन्व्हर्टर दोन्ही जातील. पेट्रोल किंवा गॅसचा टँकर असेल तर त्याच्या वायरिंगला रस्त्यावरच्या मिस्त्रीचा हात लावू देऊ नका.

पैसे थोडे असतील तर सेट साधा घ्या, कन्व्हर्टर, वायर आणि स्पीकर चांगले घ्या. मालकांना एक विनंती: दुकानात जाताना ड्रायव्हरला बरोबर न्या आणि निवड त्याला करू द्या. तो सेट त्यालाच ऐकायचा आहे.