डेटाबेस प्रशासनाचे स्वयंचलन

डेटाबेस प्रशासनाचे स्वयंचलन म्हणजे डेटाबेस चालू, सुरक्षित आणि वेगवान राहावा यासाठी प्रशासकाला वारंवार करावी लागणारी कामे दर वेळी हाताने न करता ठरलेल्या वेळी किंवा ठरलेल्या प्रसंगी संगणकाकडून करवून घेणे. बॅकअप घेणे, मुदत संपलेले बॅकअप काढून टाकणे, सांख्यिकी अद्ययावत ठेवणे, इंडेक्सची देखभाल, डिस्कवरील जागेवर लक्ष, वापरकर्त्यांना हक्क देणे व काढून घेणे, सुरक्षाविषयक दुरुस्त्या बसवणे आणि मुख्य सर्व्हर बंद पडल्यास राखीव सर्व्हरकडे काम सोपवणे ही त्यांतील प्रमुख कामे होत. बँक, विमा कंपनी किंवा विद्यापीठ अशा मोठ्या संस्थेत डेटाबेस एकदोन नसून शेकड्यांनी असतात, शिवाय ते निरनिराळ्या कंपन्यांचे आणि निरनिराळ्या आवृत्त्यांचे असतात. त्यामुळे तेथे स्वयंचलनावाचून गत्यंतर नसते.

डेटासाठी ‘विदा’ आणि डेटाबेससाठी ‘विदागार’ असे शब्द मराठीत योजले गेले आहेत. या व्यवसायातील माणसे मात्र डेटाबेस, सर्व्हर, बॅकअप असेच बोलतात, म्हणून या लेखातही तेच शब्द ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएममध्ये असताना डेटाबेसचे संबंधात्मक प्रतिमान मांडले. त्याचे मर्म असे की वापरणाऱ्याने ‘काय हवे’ एवढेच सांगावे. ते ‘कसे शोधायचे’ हे प्रणालीने ठरवावे. या अर्थाने स्वयंचलनाचे बीज डेटाबेसच्या कल्पनेतच आहे. परंतु शोधाचा मार्ग ठरवण्यासाठी प्रणालीला आपल्याजवळच्या माहितीचा अंदाज असावा लागतो, आणि तो अंदाज ताजा ठेवणे हे प्रशासकाचे काम होऊन बसले.

युनिक्समधील ‘क्रॉन’ हे या क्षेत्रातील जुने आणि आजही वापरात असलेले साधन. मिनिट, तास, महिन्यातील दिवस, महिना आणि आठवड्याचा वार अशा पाच रकान्यांत वेळ लिहायची व पुढे करावयाची आज्ञा द्यायची, इतके ते साधे आहे. पुढे मायक्रोसॉफ्टच्या एस्क्यूएल सर्व्हरमध्ये ‘एजंट’ आणि ओरॅकलमध्ये ‘शेड्युलर’ अशी वेळापत्रकाची सोय डेटाबेसच्या आतच मिळू लागली.

सांख्यिकी आणि सफाई

ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते. एखादा विरळा शब्द शोधायचा असेल तर सूची पाहणे सोयीचे. पण तो शब्द पानोपानी येत असेल तर सूची आणि पाने यांत येरझाऱ्या घालण्यापेक्षा ग्रंथ सरळ वाचून काढलेला बरा. डेटाबेसलाही प्रत्येक प्रश्नाच्या वेळी हीच निवड करावी लागते आणि ती सांख्यिकीवरून होते. सांख्यिकी शिळी झाली की तक्त्यात शंभर नोंदी आहेत असे समजून प्रणाली मार्ग आखते आणि प्रत्यक्षात तेथे एक कोटी नोंदी असतात. काल क्षणात येणारे उत्तर आज तासभर येत नाही, आणि प्रोग्राममध्ये तर काहीच बदललेले नसते.

पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसमध्ये आणखी एक काम असते. तेथे नोंद बदलली तरी जुनी प्रत लगेच पुसली जात नाही. ती मृत अवस्थेत तक्त्यातच राहते. अशा प्रती साफ करणाऱ्या क्रियेला ‘व्हॅक्यूम’ म्हणतात. २००५च्या ८.१ आवृत्तीत ही सफाई आपोआप करणारी यंत्रणा मूळ प्रणालीत आली आणि २००८च्या ८.३ आवृत्तीपासून ती मुळातच चालू स्थितीत मिळू लागली. तक्त्यातील सुमारे २० टक्के नोंदी मृत झाल्या की सफाई सुरू होते, हे तिचे मूळ परिमाण आहे. हजार नोंदींच्या तक्त्याला ते योग्य आहे. १० कोटी नोंदींच्या तक्त्यात मात्र सफाईला हात लागेपर्यंत दोन कोटी मृत नोंदी साचलेल्या असतात. म्हणून मोठ्या तक्त्यांसाठी हे परिमाण वेगळे ठरवावे लागते.

सफाईमुळे वेग मंदावतो अशा तक्रारीवरून ती बंद करून ठेवण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते. ही प्रथा घातक आहे. पोस्टग्रेसमधील व्यवहारांना ३२ बिटांचे क्रमांक दिले जातात आणि जुन्या नोंदी वेळीच ‘गोठवल्या’ नाहीत तर सुमारे दोनशे कोटी व्यवहारांनंतर जुने-नवे ओळखता येणार नाही अशी स्थिती येते. ती येण्यापूर्वी डेटाबेस नवे लेखन स्वीकारण्याचेच थांबवतो. तशी वेळ येऊ नये म्हणून यंत्रणा बंद ठेवली तरी गोठवण्याची सफाई सक्तीने सुरू होते, आणि ती नेमकी कामाच्या गर्दीत सुरू होण्याचा संभव असतो.

संस्थेच्या पातळीवर

एका सर्व्हरवर उत्तम चालणारी आज्ञावली दोनशे सर्व्हरवर नेली की नवेच प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न यादीचा. संस्थेत एकूण डेटाबेस किती, कोणत्या आवृत्तीचे, कोणत्या विभागाचे, हे ठाऊक नसेल तर यादीबाहेर राहिलेल्या डेटाबेसचा बॅकअप कोणीच घेत नाही, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. सर्वांचा बॅकअप रात्री दोनलाच लावला तर साठवणुकीचे यंत्र आणि जाळे दोन्ही तुंबतात. म्हणून वेळा विखुरतात. अमेरिकेत आणि युरोपात वर्षातून दोनदा घड्याळे मागे-पुढे केली जातात. त्या रात्री वगळल्या गेलेल्या तासातील काम होतच नाही किंवा पुन्हा आलेल्या तासातील काम दोनदा होते. भारतात ही पद्धत नसल्याने येथील प्रशासकांना हा अनुभव परदेशी सर्व्हर सांभाळतानाच येतो. सर्व वेळापत्रके जागतिक प्रमाणवेळेत लिहिणे हा त्यावरचा सोपा उपाय होय.

तिसरी गोष्ट आज्ञा लिहिण्याच्या रीतीची. ‘१० जीबी जागा वाढव’ ही आज्ञा चुकून दोनदा चालली तर २० जीबी वाढते. ‘एकूण जागा १०० जीबी असू दे’ ही आज्ञा कितीदाही चालवली तरी परिणाम एकच. अँसिबलसारखी साधने या दुसऱ्या रीतीवर भर देतात. एखादा बदल आधी चाचणीच्या सर्व्हरवर, मग मोजक्या आणि शेवटी सर्व सर्व्हरवर नेण्याची शिस्तही आवश्यक असते, कारण हाताने केलेली चूक एका सर्व्हरपुरती राहते, तर स्वयंचलनातील चूक काही मिनिटांत सर्वत्र पोहोचते.

बॅकअप आणि त्याची पडताळणी

बॅकअपचे वेळापत्रक दोन प्रश्नांवरून ठरते. किती वेळातली माहिती गमावणे संस्थेला परवडेल, आणि डेटाबेस पुन्हा उभा करायला किती वेळ लागलेला चालेल? पंधरा मिनिटांपेक्षा अधिक माहिती गमावणे परवडत नसेल तर आठवड्याचा पूर्ण बॅकअप व दररोजचा बदलांचा बॅकअप पुरत नाही. व्यवहारांच्या लॉगची प्रतही दर पंधरा मिनिटांनी घ्यावी लागते.

या विषयातील सर्वांत बोधप्रद उदाहरण गिटलॅब या कंपनीचे आहे. कंपनीने आपली चूक स्वतःच तपशीलवार प्रसिद्ध केल्यामुळे ते अभ्यासता येते. ३१ जानेवारी २०१७ रोजी राखीव सर्व्हर मुख्य सर्व्हरच्या मागे पडला होता. तो नव्याने भरण्यासाठी एका अभियंत्याने त्यावरील माहिती पुसण्याची आज्ञा दिली, पण ती मुख्य सर्व्हरवर दिली गेली. दोनेक सेकंदांत चूक उमगली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले होते.

खरा धक्का पुढे बसला. रोज आपोआप घेतला जाणारा बॅकअप साठवणुकीच्या जागी नव्हताच. सर्व्हर पोस्टग्रेस ९.६ आवृत्तीचा होता आणि बॅकअपचा प्रोग्राम ९.२ आवृत्तीचा चालत होता. तो दर वेळी त्रुटी देऊन थांबत असे. त्रुटीची सूचना ई-मेलने पाठवली जात होती, परंतु प्रेषकाची ओळख पटवण्याच्या नियमात न बसल्याने ती पत्रे नाकारली जात होती. म्हणजे काम आपोआप अयशस्वी होत होते आणि तक्रारही आपोआप नाहीशी होत होती. चाचणीसाठी एका अभियंत्याने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली प्रत योगायोगाने उपलब्ध होती, तिच्यावरून डेटाबेस उभा करण्यात आला. ती संथ डिस्कवर असल्याने त्यालाही बरेच तास लागले. प्रोग्रामची भांडारे सुरक्षित राहिली, तरी सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० टिप्पण्या आणि ७०० नव्या वापरकर्त्यांच्या नोंदींना फटका बसल्याचा कंपनीचा अंदाज होता.

म्हणूनच आता ‘त्रुटी आली तर कळव’ एवढ्यावर थांबत नाहीत. शाळेच्या हजेरीत ‘हजर’ म्हणणार नाही तो गैरहजर धरला जातो. तसेच प्रत्येक कामाने यश कळवले पाहिजे आणि ठरलेल्या वेळेत निरोप आला नाही तर तीच त्रुटी मानली जाते. याच्या जोडीला बॅकअप एका वेगळ्या सर्व्हरवर आपोआप उभा करून, नोंदी मोजून, नवीनतम नोंदीची तारीख तपासली जाते. जो बॅकअप कधी उभा करून पाहिलेला नाही त्याला बॅकअप म्हणण्यात फारसा अर्थ नाही.

निर्णय यंत्राकडे दिल्यास

बॅकअपमध्ये यंत्र ठरलेले काम करते. मुख्य सर्व्हर बदलण्यात ते निर्णय घेते. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या कंपनीच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील केंद्राचा संपर्क उपकरण बदलताना ४३ सेकंद तुटला. ‘ऑर्केस्ट्रेटर’ या प्रणालीने नियमाप्रमाणे मायएस्क्यूएलचे मुख्यपद पश्चिम किनाऱ्यावरील सर्व्हरना दिले. पूर्वेकडील काही क्षणांचे लेखन पश्चिमेला पोहोचले नव्हते आणि पश्चिमेकडे नवे लेखन सुरू झाले होते. दोन्हींकडे एकमेकांजवळ नसलेली माहिती जमल्याने लगेच मागे फिरता येईना. माहिती जपायची की सेवा लवकर पूर्ववत करायची यांत कंपनीने माहिती निवडली, आणि सेवा २४ तास ११ मिनिटे विस्कळीत राहिली. यंत्रणेत बिघाड नव्हता. तिला दिलेला नियमच किनारे ओलांडण्याची मुभा देत होता. तो नंतर बदलण्यात आला.

हक्क आणि नोंदी

स्वयंचलित कामे ज्या खात्यातून चालतात त्या खात्याला बहुधा सर्व सर्व्हरवर व्यापक हक्क असतात. त्याचा पासवर्ड आज्ञावलीतच लिहून ठेवणे ही सार्वत्रिक वाईट सवय आहे. तो स्वतंत्र सुरक्षित कोशात ठेवून ठरावीक मुदतीने बदलला जावा आणि बॅकअप घेणाऱ्या खात्याला बॅकअप पुसण्याचा हक्क नसावा. भारतात सर्ट-इन या संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. रात्रीच्या सफाईत जुने लॉग पुसणाऱ्या कामांना ही मर्यादा सांगून ठेवावी लागते.

क्लाउडमधील सेवा

ॲमेझॉनने २००९ साली ‘आरडीएस’ ही सेवा सुरू केली. बॅकअप, दुरुस्त्या आणि राखीव सर्व्हर ही कामे तीत सेवादाताच करतो. ओरॅकलने २०१८ मध्ये स्वतःची देखभाल स्वतः करणारा ‘ऑटोनॉमस’ डेटाबेस बाजारात आणला. अशा सेवांमुळे प्रशासकाचा वेळ तक्त्यांची रचना, संथ प्रश्नांची चिकित्सा आणि खर्चाचा हिशेब यांकडे वळला आहे. कोणती माहिती किती काळ जपायची हे मात्र सेवादाता ठरवत नाही. आरडीएसमधील मूळ स्वयंचलित बॅकअप अधिकात अधिक ३५ दिवस राहतो. अनेक वर्षे जपायच्या हिशेबांची व्यवस्था संस्थेला तेथेही वेगळी लावावी लागते.