भोवरा आणि शक्तिपट्टा : बदल केलेल्या एंजिनास टर्बोचार्जर जुळविण्याचा प्रश्न

लॅटिन भाषेत 'टर्बो' या शब्दाचे दोन अर्थ आहेत : वावटळ आणि मुलांच्या खेळातला भोवरा. क्लोद ब्युर्दँ या फ्रेंच अभियंत्याने १८२२ साली या शब्दावरून 'टर्बाइन' हे नाव घडविले, आणि पुढे एंजिनाला दाबयुक्त हवा पुरविणाऱ्या यंत्राच्या नावातही तेच मूळ शिरले. मराठीतील 'भोवरा' हा शब्दही असाच दुहेरी आहे. तो दोरीने फिरणाऱ्या खेळण्याला लागतो, तसाच नदीच्या पाण्यातील आवर्तालाही. दोन दूरच्या भाषांनी फिरत्या वस्तूला आणि फिरत्या प्रवाहाला एकच नाव द्यावे, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. कारण टर्बोचार्जरमध्ये नेमक्या याच दोन गोष्टी एकमेकींना फिरवीत असतात.

यंत्राची रचना थोडक्यात सांगता येते. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन चाके असतात. जळलेला वायू एंजिनातून बाहेर पडताना एका चाकास फिरवितो, आणि त्या दांड्यावरचेच दुसरे चाक बाहेरची हवा ओढून, दाबून एंजिनात भरते. पहिले चाक म्हणजे टर्बाइन, दुसरे म्हणजे कॉम्प्रेसर. अधिक हवा म्हणजे अधिक इंधन जाळण्याची सोय, आणि म्हणून अधिक शक्ती. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले. मोटारीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला एक ते दोन लाख फेऱ्या घेतो, आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो.

तत्त्व इतके सोपे असता त्याची निवड इतकी अवघड का व्हावी? याचे कारण असे, की मोटारीचे एंजिन एका गतीने चालत नाही. आगगाडीच्या एंजिनाशी तुलना केली म्हणजे हे स्पष्ट होते. वर्धा जंक्शनातून अनेक वर्षे धावलेल्या डब्ल्यूडीएम-२ जातीच्या डिझेल एंजिनात १६ सिलिंडर आणि २६०० अश्वशक्ती होती. त्याची गती मिनिटाला ४०० फेऱ्यांपासून १००० फेऱ्यांपर्यंत, आठ ठरलेल्या पायऱ्यांनी, वाढविली जाई. याच घराण्यातील डब्ल्यूडीएम-३ए एंजिनात अन्य सुधारणांबरोबर अधिक कार्यक्षम टर्बो बसवून शक्ती ३१०० अश्वशक्तीपर्यंत नेण्यात आली. तेथे जुळणी करणाऱ्यास कोणत्या फेऱ्यांवर किती हवा लागणार हे आधीच ठाऊक असते. मोटारीचा चालक मात्र सेलूच्या बाजारातून १२०० फेऱ्यांवर निघतो, आणि थोड्याच वेळात समृद्धी महामार्गावर तासाला १२० किलोमीटरची मर्यादा गाठू पाहतो. त्याच्या एंजिनाची हवेची भूक त्या अवधीत कितीतरी पटींनी बदलते. टर्बो मात्र एकच असतो.

ज्या फेऱ्यांच्या टप्प्यात एंजिन समाधानकारक शक्ती देते त्या टप्प्याला इंग्रजीत 'पॉवरबँड' म्हणतात. त्यास येथे 'शक्तिपट्टा' म्हटले आहे. गॅरेजात 'पट्टा' म्हणजे पंख्याचा पट्टा असा घोटाळा होण्याचा संभव आहे, हे खरे. परंतु विदर्भातील वाचकास 'कापूस पट्टा' हा प्रयोग परिचित आहे, आणि सलग प्रदेश हा अर्थ त्यातून आपोआप मिळतो. बोलीने तर परिभाषेची वाटच पाहिलेली नाही. 'गाडीला पिकअप नाही', 'गाडी ओढत नाही' ही वाक्ये रोजच्या बोलण्यातील आहेत. दोन्ही तक्रारी शक्तिपट्ट्याच्या खालच्या टोकाविषयी आहेत. जाहिरातीत मात्र वरच्या टोकाचा एकच आकडा छापलेला असतो, आणि टर्बो बदलणारा पुष्कळदा तो आकडा विकत घेतो व ओढ गमावून बसतो.

एका एंजिनाचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. टाटांच्या पुण्याच्या कारखान्यातून १९९८च्या डिसेंबरात विक्रीस आलेल्या इंडिकाचे डिझेल एंजिन ४७५ या नावाने ओळखले जाई. चार सिलिंडर आणि ७५ मिलिमीटर व्यास असा त्या नावाचा उलगडा आहे. दट्ट्याची धाव ७९.५ मिलिमीटर, म्हणजे एकूण घनफळ १४०५ घन सेंटिमीटर. टर्बोवाचून ते सुमारे ५३ अश्वशक्ती देई. टर्बो बसविल्यावर ६२. आणि टर्बोबरोबर इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारी जाळी, दिल्यावर सुमारे ७०. इंडिकाचे उत्पादन २०१८ साली थांबले; पण एकाच घनफळाच्या एंजिनाची ही तीन रूपे अभ्यासकाच्या दृष्टीने अजून उपयुक्त आहेत. आकडे बेताचे आहेत, आणि त्यांतच शहाणपण आहे.

आता नमुन्यादाखल एक हिशेब करू. चार धावांचे एंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपले घनफळ भरते. ४५०० फेऱ्यांवर १४०५ घन सेंटिमीटरचे एंजिन मिनिटाला सुमारे ३१६० लिटर हवा ओढू शकेल. झडपांतून होणारा अडथळा धरून त्यातील ८५ टक्के, म्हणजे सुमारे २६९० लिटर, प्रत्यक्षात आत जाईल. ही हवा किती दाट असेल हे ठिकाणावर व ऋतूवर अवलंबून राहते. वर्धा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २३५ मीटर उंचीवर आहे, आणि मे महिन्यात तेथील पारा ४५ अंशांवर जाणे नवलाचे नाही. १५ अंश तापमान आणि समुद्रसपाटी हे अभियंत्यांचे प्रमाण मानले, तर वर्ध्याची उन्हाळी हवा त्याहून सुमारे १२ टक्के विरळ ठरते.

बाहेरचा दाब १.८ पट करावयाचा आहे असे समजा. दाबल्याने हवा तापते. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरल्यास ४५ अंशांची हवा सुमारे १२८ अंशांवर जाते. १५ अंशांच्या हवेवर हाच प्रयोग केला असता ती ९० अंशांवरच थांबली असती. तापलेली हवा फुगते. म्हणून दाब १.८ पट झाला तरी हवेचा दाटपणा १.४३ पटच वाढतो. इंटरकूलरने ती ७० अंशांपर्यंत थंड केली, की हाच आकडा १.६७ होतो. एका जाळीमुळे सुमारे १७ टक्के हवा अधिक मिळते, आणि ती टर्बोला अधिक वेगाने न फिरविता मिळते. विदर्भातील मोटारीत टर्बो बदलण्यापूर्वी इंटरकूलर, त्याचा आकार आणि त्यावर समोरून वारा नीट येतो की नाही हे पाहिले पाहिजे. हा क्रम बहुधा उलटा होतो. कारण जाळीच्या नावात आकर्षण नाही.

वरील स्थितीत एंजिनास ४५०० फेऱ्यांवर मिनिटाला सुमारे ४.८ किलोग्रॅम हवा लागेल, आणि २००० फेऱ्यांवर सुमारे २.१५ किलोग्रॅम. हे दोन बिंदू कॉम्प्रेसरच्या नकाशावर मांडणे, हे जुळणीचे पहिले काम होय. या नकाशात आडव्या अक्षावर हवेचा प्रवाह आणि उभ्या अक्षावर दाबाचे गुणोत्तर असते. मध्यभागी कार्यक्षमतेची वलये, भूगोलाच्या नकाशातील समोच्च रेषांसारखी, एकात एक काढलेली असतात. डावीकडे एक तिरपी सीमा असते. तिच्या पलीकडे प्रवाह इतका थोडा होतो, की चाकाच्या पात्यांवरून हवा सुटते, दाबलेली हवा उलट फिरते आणि खोकल्यासारखा आवाज येऊ लागतो. हीच 'सर्ज'ची स्थिती. ती टिकून राहिली तर दांड्याचा आधार खिळखिळा होतो. उजवीकडे 'चोक'ची सीमा असते. तेथे चाक कितीही वेगाने फिरविले तरी अधिक हवा जात नाही. ती केवळ तापते. दोन्ही बिंदू या सीमांच्या आत पडावेत, आणि ज्या गतीवर मोटार अधिक काळ चालणार ती गती मधल्या वलयाजवळ यावी, अशी निवड करावयाची असते.

उन्हाळ्याचा आणखी एक परिणाम सहज लक्षात येत नाही. नकाशातील गतीच्या रेषा प्रमाण तापमानास अनुसरून काढलेल्या असतात. ४५ अंशांच्या हवेत तेच दाबगुणोत्तर साधावयाचे तर चाकास सुमारे ५ टक्के अधिक वेगाने फिरावे लागते. जो टर्बो हिवाळ्यात आपल्या कमाल गतीच्या अगदी जवळ चालत होता, तो मे महिन्यात ती ओलांडून जातो.

कॉम्प्रेसरइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व टर्बाइनच्या कवचाला आहे. कवच आवळ असेल तर वायूचा झोत जोराने येतो आणि चाक थोड्या फेऱ्यांवरही लवकर वेग घेते. पण पुढे तोच आवळपणा एंजिनाचा श्वास कोंडतो. सैल कवच याच्या उलट वागते. समजा, वरच्याच एंजिनास दुप्पट प्रवाहाचा टर्बो बसविला. २००० फेऱ्यांवर जळलेला वायू त्या प्रशस्त कवचातून काम न करताच निघून जाईल, आणि दाब ३५०० फेऱ्यांच्या पुढे चढू लागेल. डिझेल एंजिनाची उपयुक्त गती ४५००च्या सुमारास संपते. शक्तिपट्टा उरला तो १००० फेऱ्यांचा. आता गिअर बदलण्याचा विचार करा. दोन लगतच्या गिअरांच्या गुणोत्तरात सुमारे १.४५ पटींचे अंतर असेल, तर ४५०० फेऱ्यांवर वरचा गिअर टाकताच एंजिन ३१०० फेऱ्यांवर येते, म्हणजे शक्तिपट्ट्याच्या बाहेर पडते. कागदावरची अश्वशक्ती वाढलेली असते, आणि तळेगावच्या चढावर हीच मोटार पूर्वीपेक्षा मागे राहते. शक्तिपट्ट्याची रुंदी गिअरच्या पायरीहून अधिक हवी, हा नियम जुळणीच्या चर्चेत विसरला जातो याचे आश्चर्य वाटते.

मोटारीच्या इतिहासातही ही दोन टोके दिसतात. १९७३च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोमध्ये दाब बऱ्याच वरच्या फेऱ्यांवर आणि एकाएकी येई. १९७७ साली जगापुढे आलेल्या साबच्या ९९ टर्बोने लहान टर्बो निवडला, आणि दाब ठरलेल्या मर्यादेवर पोहोचताच जादा वायू बाजूने सोडून देणारी झडप, म्हणजे वेस्टगेट, वापरली. कमाल आकड्यापेक्षा मधल्या टप्प्यातील ओढ तिने महत्त्वाची मानली, आणि पुढील बहुतेक मोटारी त्याच वाटेने गेल्या. याच्याही पुढची पायरी म्हणजे कवचातील पाती फिरवून त्याचा आवळपणा चालता चालता बदलणे. महिंद्रांच्या २१७९ घन सेंटिमीटरच्या एमहॉक एंजिनात २००८ साली ही सोय होती. स्कॉर्पिओत ते १२० अश्वशक्ती देई. २०११च्या एक्सयूव्ही ५००मध्ये त्याच घनफळातून १४० मिळाली, आणि टॉर्क २९० न्यूटन-मीटरवरून ३३० वर गेला. शक्ती वाढली आणि ओढही वाढली, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे.

पेट्रोल एंजिनात आधीच इतर बदल केलेले असतील तर प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. वरच्या फेऱ्यांवर शक्ती मिळावी म्हणून कॅमशाफ्ट बदलला, की आत घेणारी आणि बाहेर सोडणारी झडप काही काळ एकदम उघडी राहते. टर्बोविना हे लाभदायक असते. लहान टर्बो बसविल्यावर मात्र बाहेरच्या बाजूचा दाब आतल्या बाजूहून अधिक होतो, आणि त्या अवधीत जळलेला वायू सिलिंडरमध्ये परत शिरतो. तो नव्या हवेची जागा अडवितो, तिला तापवितो, आणि ठोके पडण्याची, म्हणजे इंधन अवेळी स्फोटासारखे पेटण्याची, भीती वाढवितो. अशा एंजिनाचा शक्तिपट्टा वर सरकलेला असतो, तेव्हा टर्बोही थोडा मोठा हवा. किंवा कॅमशाफ्टच मूळचा परत बसवावा. दोहोंपैकी दुसरा उपाय स्वस्त आहे, आणि जिल्ह्याच्या रस्त्यांसाठी चांगलाही.

इंधनही बदलले आहे. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२५पर्यंत देशभर रूढ झाले. त्याचा ऑक्टेन अंक ९५ असल्याने ठोक्यांविरुद्ध थोडी ढाल मिळते. परंतु शुद्ध पेट्रोलच्या १ भागास १४.७ भाग हवा लागते, तर या मिश्रणास सुमारे १३.५. याचा अर्थ, तेवढ्याच हवेसाठी इंधन ९ टक्के अधिक सोडले पाहिजे. टर्बोने हवा वाढविली आणि इंजेक्टर जुनेच राहिले, तर पूर्ण शक्ती मागताच मिश्रण विरळ होते, आणि त्या तापात दट्ट्याचा माथा वितळू शकतो. डिझेलमध्ये धोका उलट्या बाजूचा आहे : तेथे इंधन वाढवून हवा कमी ठेवली, तर काळा धूर निघतो आणि बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान टर्बाइनला सोसणार नाही इतके चढते.

कायद्याची बाजूही आहे. १९८८च्या मोटार वाहन अधिनियमातील कलम ५२ अन्वये उत्पादकाने दिलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या जानेवारीत हाच अर्थ निःसंदिग्धपणे सांगितला. एमएच ३२ क्रमांकाच्या मोटारीत मोठा टर्बो बसवून ती रस्त्यावर आणू इच्छिणाऱ्याने परिवहन कार्यालयाची आणि विमापत्राची आठवण टर्बो विकत घेण्यापूर्वीच ठेवावी. बंदिस्त मैदानावरील शर्यतीची मोटार ही वेगळी गोष्ट होय.

जुळणी झाल्यावर परीक्षा कोठे घ्यावी, याचे उत्तर वर्धा जिल्ह्यात सोपे आहे. मे महिन्याच्या दुपारी, बाहेर पडणाऱ्या वायूच्या मार्गात तापमापक आणि इंटरकूलरच्या दोन्ही बाजूंस एकेक तापमापक लावून, हिंगणघाटवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर वरच्या गिअरमध्ये २००० फेऱ्यांपासून कायदेशीर वेगमर्यादेपर्यंत मोटार हळूहळू न्यावी, आणि दर ५०० फेऱ्यांना तिन्ही तापमाने व दाब सोबत्याने टिपून घ्यावे. मोटार थांबविल्यावर एंजिन लगेच बंद करू नये. दोनएक मिनिटे ते मंद चालू द्यावे, म्हणजे दांड्याभोवतीचे तेल तेथेच करपत नाही.