डोंगरावरचा महाल आणि अम्मींचा सवाल

नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागून भिंगार ओलांडले की पूर्वेच्या डोंगरावर एक दगडी मनोरा दिसू लागतो. सगळे त्याला चांदबीबीचा महाल म्हणतात. आम्हीही म्हणत होतो. इतकेच काय, शाळेची सहल नेली तेव्हा मुलांना रांगेत उभे करून आम्हीच हे नाव सांगितले होते. बी.एड. झालेल्या माणसाने बोर्ड न वाचता बोलावे, ही काही भूषणाची गोष्ट नाही.

यंदा हिवाळ्यात एका रविवारी घरच्यांना घेऊन गेलो. सोबत मुलांच्या दादीअम्मा, म्हणजे आमच्या सासूबाई. शहरापासून तेरा-चौदा किलोमीटर अंतर, आणि गाडी वरपर्यंत जाते, म्हणून त्यांना नेता आले. डब्यात खिमा-पराठे, थर्मासमध्ये चहा. वर पाणी मिळेल या भरवशावर जाऊ नये, घरूनच भरून न्यावे.

मुले गाडीतून उतरताच चौथऱ्यावर धावली. अष्टकोनी, तीन मजली, सुमारे सत्तर फूट उंच इमारत. नक्षी नाही, रंग नाही, नुसत्या कमानी आणि त्या कमानींतून वाहणारा वारा. अम्मी मात्र दाराशीच थांबल्या. "खाली कुणाची मजार आहे?" त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, "मजार कसली अम्मी, महाल आहे हा." त्यांनी खालच्या अंधाराकडे बोट दाखवले आणि चपला काढल्या.

तेव्हा कुठे आम्ही बोर्ड वाचला. हा महाल नव्हेच. ही सलाबत खान दुसरा यांची कबर. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाचे ते वजीर. बादशहा जगापासून अलग राहत असे, तेव्हा राज्याचा कारभार याच माणसाने सांभाळला. शहराजवळचा फराहबाग १५८३ मध्ये पुरा झाला, तोही त्यांच्याच देखरेखीखाली. चांदबीबींनी मोगलांच्या वेढ्यात नगरचा किल्ला लढवला तो १५९५-९६ मध्ये. तोवर सलाबत खान हयातही नव्हते.

पराठे खाता खाता आम्ही मुलांना फरिश्ताच्या तवारिखेतला किस्सा सांगितला. बादशहाची मर्जी फिरली आणि त्याने वजिराला कैदेत जायला सांगितले. फौज, खजिना सगळे सलाबत खानांच्या हातात होते. दोस्तांनी अडवले, तरी त्यांनी स्वतःच पायांत बेड्या घालून घेतल्या आणि दंडाराजपुरीच्या किल्ल्याकडे निघाले.

"पळून का नाही गेले?" सातवीतल्या मुलाने विचारले.

"मालकाचे मीठ खाल्ले होते," अम्मी म्हणाल्या.

"पण चूक बादशहाची होती ना!"

वाद बराच वेळ चालला. आम्हाला विचाराल तर मुलाचे म्हणणे पटत होते, पण अम्मींसमोर गप्प बसलो.

मग अम्मींचा हात धरून सगळे खाली गेलो. भिंतीवर बदामाचे आकार, जोड्यांची नावे कोरलेली. कोणीतरी वेफर्सचे पाकीट टाकून गेले होते. मुलाने काही न बोलता ते उचलून खिशात कोंबले. अम्मींनी ओढणी सावरून फातिहा पढली, आम्ही सर्वांनी हात उचलले. वर आलो तेव्हा ऊन कलले होते आणि दूरवर पसरलेले नगर धुरकट दिसत होते. लोक सांगतात, ही इमारत सात मजली व्हायची होती, वरून दौलताबाद दिसावे म्हणून. खरे-खोटे अल्लाह जाणे.

परतताना वाटेत एका कुटुंबाने गाडी थांबवून विचारले, "चांदबीबी महाल हाच ना?" आम्ही सवयीने "हो" म्हणून मोकळे झालो. मागच्या काचेतून मुलाने डोके बाहेर काढले, "हाच, पण सलाबत खानांची कबर आहे ती. खाली जाताना चपला काढा."

सहलीच्या त्या मुलांना आता नव्याने सांगायचे आहे. ती आठवीत गेली आहेत.