‘इस्नोफिलिया’चा आकडा आणि दमा

भिवंडी तालुक्यातल्या पूर्णा, काल्हेर, कशेळी या ठाण्याच्या रस्त्यावरच्या गावांत आता गोदामेच गोदामे दिसतात. खोक्यांची धूळ, ट्रकचा धूर आणि पुढे भिवंडीत यंत्रमागांवर उडणारे कापसाचे तंतू. अशा भागात रात्रीचा खोकला आणि छातीतली घरघर घेऊन कोणी दवाखान्यात गेले, की रक्त तपासले जाते आणि घरी येऊन सांगितले जाते, ‘इस्नोफिलिया झालाय.’ मग तीन आठवडे गोळ्या. खोकला परतला, की पुन्हा त्याच गोळ्या.

हा शब्द आपल्याकडे उगाच रुळलेला नाही. १९४३ मध्ये वाइनगार्टन या डॉक्टरांनी भारतातल्या रुग्णांवरून ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’चे वर्णन केले. हत्तीरोगाच्या सूक्ष्म कृमींविरुद्ध शरीराची तीव्र प्रतिक्रिया हे त्याचे कारण. मुंबईच्या जोशी, उदवाडिया आणि गाडगीळ यांनी १९६९ मध्ये रुग्णांच्या फुप्फुसांचे तुकडे तपासून त्याची चर्चा केली. या आजारात इओसिनोफिल पेशी बहुधा घनमिलिमीटरला ३,००० च्या वर जातात आणि डायइथाइलकार्बामाझिन या कृमींवरच्या गोळ्यांनी खरोखर गुण येतो.

दम्याचे तसे नाही. दम्यात आकडा अनेकदा ३०० ते १,००० च्या आसपास घुटमळतो. तिथे कृमींच्या गोळ्या घेत राहिल्या, तर श्वासनलिकेची सूज तशीच राहते आणि ज्याची गरज असते तो इनहेलर लांबतो. ‘पंपाची सवय लागते’ ही भीती त्यात भर घालते. खरे तर इनहेलरमधल्या स्टेरॉइडचा डोस गोळीपेक्षा कितीतरी कमी असतो.

रिपोर्टवर टक्केवारी पाहून घाबरण्यातही अर्थ नाही. एकूण पांढऱ्या पेशी ६,००० असतील तर ८ टक्के म्हणजे ४८०. ११,००० असतील तर तेच ८ टक्के म्हणजे ८८०. पाहायचा तो हा प्रत्यक्ष आकडा. साधारण ५०० पर्यंत तो सामान्य धरतात.

दमा असल्याचे एकदा ठरले, की मात्र हा आकडा कामाला येतो. ब्रिटनमधल्या सुमारे १ लाख ३० हजार दमेकऱ्यांच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ४०० पेक्षा जास्त इओसिनोफिल असलेल्यांना दम्याचे तीव्र झटके सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आले. याच पेशींना आवर घालणारी मेपोलिझुमॅबसारखी महागडी इंजेक्शने कोणाला द्यायची, हेही बऱ्याच अंशी याच आकड्यावर ठरते.

पेशी किती आहेत, यापेक्षा त्या किती खवळल्या आहेत हे कळावे, म्हणून त्यांच्यातून सुटणारे ‘ईसीपी’ हे प्रथिनही रक्तात मोजतात. कल्पना उत्तम, पण नमुना किती वेळ आणि कोणत्या तापमानाला ठेवला यावर त्याचा आकडा हलतो. म्हणून रोजच्या उपचारात साधी रक्तमोजणीच टिकून आहे.

तिच्याही खोडी आहेत. जंतांनी आकडा वाढतो. सकाळी तो कमी, रात्री जास्त असतो. धुळीमुळे किंवा धुरामुळे उठणाऱ्या काही दम्यांत तो वाढतच नाही. म्हणून निदान फुंकून करायच्या स्पायरोमेट्रीवर व्हायला हवे. आणि प्रेडनिसोलोनच्या गोळ्या सुरू झाल्या, की काही तासांतच तो खाली येतो. त्यामुळे गोळ्या सुरू होण्याआधीचा जुना रिपोर्ट फाइलमध्ये असेल, तर डॉक्टरांना नव्यापेक्षा तोच अधिक सांगतो.