बोगद्याच्या नियंत्रणयंत्रांची निवड

कावेरीवरील शिवसमुद्रम् येथे निर्माण होणारी वीज १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पोहोचली. सुमारे १४७ किलोमीटर लांबीच्या तारांवरून वीज वाहून नेणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. तीन वर्षांनी, १९०५ साली, याच विजेने बेंगळुरूचे रस्ते उजळले. जमिनीखाली उतरलेल्या माणसाचा जीव जमिनीवरील यंत्रांच्या भरवशावर असतो, हे या प्रदेशातील अभियंत्यांना खाणींच्या अनुभवामुळे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मात्र खाणीत उतरणाऱ्या कामगाराला धोक्याची जाण असते. रस्त्याच्या बोगद्यात शिरणाऱ्या प्रवाशाला आपण भुयारात आहोत याचे भानही बहुधा राहत नाही. त्याच्या वतीने सावध राहण्याचे काम यंत्रांनाच करावे लागते.

बेंगळुरूच्या उत्तरेकडील हेब्बाळपासून दक्षिणेकडील सिल्क बोर्ड चौकापर्यंत, शहराच्या पोटातून सुमारे १६.७ किलोमीटर लांबीचा दुहेरी बोगदा काढण्याची योजना कर्नाटक शासनाने आखली आणि २०२५ साली तिच्या निविदा मागविण्यात आल्या. असा मार्ग असावा की नसावा, याविषयी शहरात मोठा वाद झाला. त्याचा विचार येथे करावयाचा नाही. एवढा लांब मार्ग जमिनीखालून न्यावयाचा झाल्यास त्यातील पंखे, पंप, दिवे, सिग्नल आणि अडसर चालविणारी नियंत्रणयंत्रे कोणत्या कसोटीवर निवडावीत, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. महाराष्ट्रालाही हा प्रश्न परका नाही. मुंबईच्या किनारी रस्त्यावरील सुमारे २ किलोमीटरचे जुळे बोगदे २०२४ साली, तर समृद्धी महामार्गावरील इगतपुरी-कसारा टप्प्यातील सुमारे ८ किलोमीटरचे जुळे बोगदे २०२५ साली वाहतुकीस खुले झाले.

हवा आणि धूर

न्यूयॉर्क व न्यू जर्सी यांना हडसन नदीखालून जोडणारा हॉलंड बोगदा १९२७ साली खुला झाला. त्यात हवा खेळती ठेवण्यासाठी ८४ पंखे बसविले होते. त्या काळी मोटारींच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू हीच मुख्य चिंता होती. आजच्या मोटारी पूर्वीच्या मानाने हा वायू पुष्कळ कमी सोडतात. त्यामुळे बोगद्याच्या रचनेत आता आगीच्या धुराला अग्रक्रम मिळाला आहे. आगीत माणसे बहुतेक वेळा ज्वाळांनी न मरता धुराने गुदमरून मरतात.

एकेरी वाहतुकीच्या बोगद्यात छताला जेट फॅन या नावाने ओळखले जाणारे झोतपंखे टांगण्याची पद्धत आहे. एखाद्या वाहनाने पेट घेतल्यास त्याच्या पुढची वाहने बाहेर निघून जातात आणि मागची वाहने अडकून पडतात. अशा वेळी पंखे वाहतुकीच्या दिशेने साधारणतः सेकंदाला ३ मीटर वेगाचा प्रवाह निर्माण करतात. त्यामुळे धूर पुढच्या रिकाम्या भागात ढकलला जातो आणि मागे अडकलेल्या माणसांना स्वच्छ हवा मिळते.

ही योजना जितकी सोपी, तितकीच तिच्यामागची अट कठीण आहे. पुढचा भाग रिकामा असला पाहिजे. बेंगळुरूसारख्या शहरात बोगद्याच्या तोंडाशीच वाहनांची रांग लागलेली असेल, तर आगीच्या पुढेही माणसे अडकलेली असतात आणि तोच वारा त्यांच्या अंगावर धूर लोटतो. अशा शहरी बोगद्यात धूर छतालगतच्या स्वतंत्र मार्गाने शोषून घेण्याची सोय लागते, किंवा बोगद्यात रांग साचूच नये म्हणून प्रवेशद्वारावरच वाहने रोखावी लागतात. आग एकच, परंतु पुढची वाहतूक चालू आहे की थांबली आहे यावरून आज्ञा बदलते. म्हणजे नियंत्रणयंत्राला आगीबरोबर वाहतुकीचीही बित्तंबातमी असली पाहिजे.

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्यामुळे बेंगळुरूची हवा किनाऱ्यावरील हवेपेक्षा जवळजवळ एक दशांशाने विरळ आहे. पंख्याचा रेटा हवेच्या घनतेवर अवलंबून असल्याने मुंबईसाठी आखलेला पंखा येथे त्याच प्रमाणात कमी रेटा देतो. कारखान्याच्या माहितीपत्रकातील आकडे जसेच्या तसे घेऊन चालत नाही, याचे हे साधे उदाहरण होय.

कारखान्यातून आलेले यंत्र

बोगद्याचा मेंदू म्हणता येईल असे यंत्र म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, संक्षेपाने पीएलसी. संवेदकांकडून येणारे संकेत वाचणे, आत साठविलेल्या आज्ञावलीनुसार निर्णय घेणे आणि त्याप्रमाणे मोटारी, दिवे, झडपा चालू किंवा बंद करणे, हे काम ते सेकंदात अनेकदा करीत राहते. त्याचा जन्म मोटारीच्या कारखान्यात झाला. पूर्वी तेथील यंत्रे शेकडो विद्युत रिलेंच्या जंजाळाने चालविली जात. मोटारीचे प्रारूप बदलले की सगळ्या तारा नव्याने जोडाव्या लागत. १९६८ साली अमेरिकेतील जनरल मोटर्सने या जंजाळाला पर्याय मागितला आणि त्यातून पुढच्याच वर्षी मॉडिकॉन ०८४ हा नियंत्रक पुढे आला. धूळ, उष्णता आणि हादरे सोसून वर्षानुवर्षे चालणे हे या जातीच्या यंत्रांचे वैशिष्ट्य. म्हणूनच कचेरीतील संगणकाऐवजी बोगद्यात त्यांची योजना केली जाते.

निवड करताना यंत्राचा वेग सर्वप्रथम पाहिला जातो. वस्तुतः येथे त्याला फारसे महत्त्व नाही. तीन मार्गिकांच्या नळीचा आडवा छेद ९० चौरस मीटर धरल्यास तिच्या एक किलोमीटर लांबीत सुमारे १०० टन हवा असते. हे वजन हलविण्यास, आणि वाहत्या हवेची दिशा उलटविण्यास, काही मिनिटे लागतात. नियंत्रकाने निर्णय १० सहस्रांश सेकंदात घेतला की ५० सहस्रांश सेकंदात, याने प्रवाशाच्या जिवात अंतर पडत नाही. नियंत्रक त्या क्षणी जिवंत होता की नाही, याने मात्र पडते.

थांबणे म्हणजे सुरक्षा नव्हे

कारखान्यात बिघाड झाल्यास यंत्र थांबवावे, हा सर्वमान्य नियम आहे. वीज तोडली की लाटणयंत्र थांबते, दाबयंत्र थांबते आणि कामगाराचा हात वाचतो. सुरक्षेसाठी बनविलेली बहुतेक नियंत्रणयंत्रे याच विचारावर उभी आहेत. शंका येताच ती सर्व काही बंद करतात.

बोगद्यात हा नियम उलटा पडतो. आग लागली असता पंखे बंद होणे, दिवे मालवणे, पंप थांबणे यांत सुरक्षा नसून संकट आहे. ऐन बिकट प्रसंगी यंत्रे चालू राहिली पाहिजेत. बिघडल्यावर आपसूक जाऊन बसावी अशी निर्धोक अवस्था बोगद्याला नाही. यास्तव, बोगद्यासाठी नियंत्रणयंत्र निवडताना ते नीट चालत असताना काय करू शकते यापेक्षा त्याचा एखादा भाग निकामी झाल्यावर ते कसे वागते, हीच मुख्य कसोटी मानावी लागते. पुढील सर्व निर्णय या एका सूत्रातून निघतात.

पहिला निर्णय संकेतांचा. पाण्याची पातळी, हवेचा वेग किंवा धुराचे प्रमाण सांगणारे संवेदक बहुधा ४ ते २० मिलिअँपिअर इतक्या विद्युतप्रवाहाच्या भाषेत बोलतात. येथे शून्य मापासाठी शून्य प्रवाह न वापरता ४ मिलिअँपिअर वापरण्यात शहाणपण आहे. तार तुटली तर प्रवाह शून्यावर येतो. आणि 'पाणी नाही' व 'तार तुटली' या दोन गोष्टींत नियंत्रकाला फरक करता येतो. मौनाला 'सर्व ठीक' असे समजणारे यंत्र बोगद्याच्या कामाचे नाही. पंख्याकडे जाणारी तार शाबूत आहे की नाही, हेही पंखा बंद असतानाच तपासत राहावे लागते.

या गोष्टीचे मोल बेंगळुरूला वेगळे सांगावयास नको. २१ मे २०२३ रोजी मुसळधार पावसात के. आर. सर्कलजवळील भुयारी मार्गात पाणी साचले, त्यात एक मोटार अडकली आणि आतील एका तरुणीला प्राण गमवावे लागले. तो मार्ग लहानसाच होता. लांब बोगद्याचे प्रत्येक उतरते तोंड म्हणजे पावसाच्या पाण्याला मिळालेली वाट होय. पाणी ठरावीक पातळीवर पोहोचताच पंप सुरू होणे जितके आवश्यक, तितकेच, पंप अपुरे पडत आहेत हे ओळखून प्रवेशद्वारावरील अडसर खाली येणेही आवश्यक असते.

दोन यंत्रांचा हिशेब

दुसरा निर्णय जोडयंत्रांचा. एक नियंत्रक काम करीत असतो आणि दुसरा त्याच्या जोडीने सर्व माहिती घेत तयार असतो. पहिला थांबताच दुसरा सूत्रे हाती घेतो. समजा, एक नियंत्रक हजार तासांत एक तास निकामी असतो. वर्षाकाठी हे जवळजवळ पावणेनऊ तास झाले. दोन नियंत्रक परस्परांपासून पूर्णपणे स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकाच वेळी निकामी असण्याची शक्यता दहा लाखांत एक, म्हणजे वर्षाला अर्धा मिनिट. हिशेब मोहक आहे. परंतु तो 'स्वतंत्र' या शब्दावर उभा आहे. दोन्ही नियंत्रक एकाच कपाटात, एकाच वीजवाहिनीवर आणि एकाच तारांच्या नाल्यात असतील, तर एकच आग किंवा एकच गळती दोघांनाही घेऊन जाते. दहांपैकी एक बिघाड जरी असा सामाईक असला, तरी त्या अर्ध्या मिनिटाचा जवळजवळ तासभर होतो.

म्हणून जोडीची यंत्रे वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या वीजपुरवठ्यावर ठेवावी लागतात. संदेशवाहक तंतू कडे करून दोन्ही नळ्यांतून फिरवावे लागतात. म्हणजे एका जागी तुटले तरी संदेश दुसऱ्या बाजूने पोहोचतो. ओळीने टांगलेले पंखे एकाआड एक दोन नियंत्रकांना जोडले, तर एक नियंत्रक गेला तरी कोणताही भाग पंख्यांवाचून राहत नाही. या उपायांना फार खर्च नाही. मात्र ते आराखड्याच्या वेळीच करावे लागतात.

यंत्रांच्या विश्वासार्हतेसाठी आयईसी ६१५०८ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण असून त्यात सुरक्षेच्या चार पातळ्या ठरविल्या आहेत. क्वचित गरज पडणाऱ्या यंत्रणेने दुसऱ्या पातळीवर शंभर हाकांमागे एकीपेक्षा कमी वेळा दगा द्यावा, अशी अपेक्षा असते. परंतु विक्रेता जे प्रमाणपत्र दाखवितो ते केवळ नियंत्रकाचे असते. संवेदक, तार, नियंत्रक, विद्युत स्विच आणि पंखा या संपूर्ण साखळीचा हिशेब ग्राहकालाच करावा लागतो.

माणूस आणि यंत्र

२४ मार्च १९९९ रोजी फ्रान्स व इटली यांना जोडणाऱ्या ११.६ किलोमीटर लांबीच्या माँ ब्लाँ बोगद्यात पीठ व मार्गारिन वाहून नेणाऱ्या मालमोटारीने पेट घेतला. ३९ माणसे मृत्युमुखी पडली. या बोगद्याला दोन देशांच्या दोन कंपन्यांची दोन नियंत्रणकेंद्रे होती. धूर शोषून घेण्यासाठी वापरता येणाऱ्या मार्गाने इटलीच्या बाजूने ताजी हवा आत सोडली गेली; श्वासाला हवा मिळावी हा हेतू असला तरी तिने धुराचा प्रसार वाढविला. २००२ साली बोगदा पुन्हा खुला झाला तेव्हा त्याची व्यवस्था एकाच संयुक्त संस्थेकडे देण्यात आली होती.

आगीच्या प्रसंगी कोणत्या भागात कोणते पंखे कोणत्या दिशेने चालवावेत, याचा निर्णय गोंधळलेल्या क्षणावर सोडू नये, हा त्यातील धडा. ठिकाण व वाहतुकीची स्थिती यांवरून योजना आधीच ठरवून नियंत्रकात भरावी. कर्मचाऱ्याने ती एका कळीने अमलात आणावी. नियंत्रणकक्षाशी संपर्क तुटल्यास स्थानिक नियंत्रकाने आपल्या बळावर काम चालू ठेवावे. आणि बोगद्याच्या तोंडाशी अग्निशमन अधिकाऱ्याला स्वहस्ते पंखे चालविता येतील असा साधा फलक असावा.

२०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या विघातक आज्ञावलीने आणखी एक इशारा दिला. इराणच्या अणुकेंद्रातील नियंत्रक तिने बिघडविले, आणि कर्मचाऱ्यांच्या पडद्यावर मात्र सर्व सुरळीत असल्याचे दिसत राहिले. बोगद्याचे नियंत्रणजाळे इतर संगणकजाळ्यांपासून वेगळे ठेवण्याचे कारण यात आहे.

शंभर वर्षांचा बोगदा, वीस वर्षांचे यंत्र

बोगद्याचे काँक्रीट शंभर वर्षांच्या हिशेबाने घातले जाते. नियंत्रकाचे आयुष्य मात्र पंधरा-वीस वर्षांचे. एका बोगद्याच्या आयुष्यात नियंत्रणयंत्रे चार-पाच वेळा बदलावी लागतील, तीही वाहतूक फार काळ न थांबविता. यास्तव सुटे भाग किती वर्षे मिळतील, यंत्र खुल्या व सर्वमान्य संदेशपद्धतीने बोलते की एकाच कारखान्याच्या भाषेत, आज्ञावलीची मूळ प्रत रस्त्याच्या मालकाकडे राहील की ठेकेदाराकडे, या अटी निविदेतच लिहाव्या लागतात. एरव्ही सर्वांत कमी दराची निविदा पहिल्या दुरुस्तीच्या वेळी सर्वांत महाग ठरते.

आयटीआय १९४८ साली, एचएमटी १९५३ साली आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ साली बेंगळुरूत उभे राहिले. या कारखान्यांमुळे यंत्र समजणाऱ्या माणसांची तेथे वाण राहिली नाही. हे ज्ञान निविदेच्या कागदांबरोबरच कसोटीच्या दिवशीही उपयोगी पडते. बोगदा खुला करण्यापूर्वी आत गरम धूर सोडावा, आणि त्याच वेळी मुद्दाम एक नियंत्रक बंद करावा, एक तार सोडवावी, एका बाजूची वीज तोडावी. तरीही धूर ठरलेल्या दिशेने सरकला, तरच वाहनांना आत सोडावे. ही परीक्षा दर वर्षी पुन्हा घेतली जावी, आणि तिच्या निकालाची नोंद नागरिकांना पाहावयास मिळावी.