गर्भाशय-अंतःस्तराच्या कर्करोगाची वाटचाल आणि प्रथिन-जैवनिर्देशक

गर्भाशयाच्या अंतःस्तरात उद्भवणारा कर्करोग बहुधा रजोनिवृत्तीनंतर आढळतो. या काळातील रक्तस्राव हे त्याचे प्रमुख लक्षण असल्याने अनेक रुग्णांमध्ये निदान लवकर होते. तथापि सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसणाऱ्या दोन गाठींपैकी एक केवळ शस्त्रक्रियेने बरी होते, तर दुसरी पुन्हा उद्भवते. हा भेद ओळखण्यात प्रथिनांचे स्थान काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१९८३ मध्ये बोखमन यांनी या रोगाचे इस्ट्रोजेनशी निगडित व इस्ट्रोजेननिरपेक्ष असे दोन प्रकार मांडले. २०१३ मध्ये ‘द कॅन्सर जीनोम ॲटलास’ प्रकल्पाने जनुकीय बदलांच्या आधारे चार गट दाखविले. त्यांपैकी दोन गट ऊतींच्या छेदावरील प्रथिनांच्या रंजनाने व्यवहारात ओळखता येतात.

पहिला गट पी५३ या प्रथिनाचा. डीएनएला इजा झाल्यास हे प्रथिन पेशीविभाजन थांबविते किंवा पेशीचा मृत्यू घडवून आणते. त्याच्या जनुकात उत्परिवर्तन झाल्यास हे नियंत्रण सुटते. बहुतेक सर्व केंद्रके गडद रंगणे किंवा एकही न रंगणे, ही दोन्ही टोके विकृतीची खूण होत. कमी-अधिक गडद असे संमिश्र रंजन स्वाभाविक मानले जाते. हा गट सर्वांत आक्रमक असतो.

दुसऱ्या गटात एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ व एमएसएच६ या, डीएनएच्या प्रतिकृतीतील चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांपैकी एक वा अधिक लुप्त होतात. हा अभाव काही वेळा आनुवंशिक लिंच संलक्षणाचे द्योतक असतो. अशा वेळी रुग्णाच्या नातलगांचीही तपासणी आवश्यक ठरते. रोग पसरलेला असल्यास याच गटात प्रतिकारशक्ती जागविणारी औषधे विशेष उपयुक्त ठरतात.

याखेरीज इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांच्या ग्राही-प्रथिनांचा लोप आणि एल१कॅम या प्रथिनाचे आधिक्य हेही रोग बळावण्याचे संकेत होत.

मात्र केवळ प्रथिनांवर विसंबून चालत नाही. ‘पोल’ जनुकात विशिष्ट उत्परिवर्तन असल्यास पी५३चे रंजन विकृत असूनही रोग सहसा सौम्य राहतो. त्यासाठी जनुकचाचणीच करावी लागते.

या निष्कर्षांचा उपचारांवर प्रत्यक्ष परिणाम होतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पोर्टेक-३ चाचणीच्या विश्लेषणात किरणोपचारास रसायनोपचारांची जोड दिल्याचा स्पष्ट लाभ पी५३-विकृत गटात दिसला. २०२३ मध्ये ‘फिगो’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने, गर्भाशयापुरती मर्यादित पण स्नायुस्तरात शिरलेली पी५३-विकृत गाठ दुसऱ्या अवस्थेत गणली. सारांश, रोग कोठवर पसरला याइतकेच तो कोणत्या स्वभावाचा आहे, हे जाणणेही महत्त्वाचे आहे.